गाड्यांची ऊब

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची. थंडी अडवणाऱ्या पॅनेलचा पहिला माल ज्या ट्रकमध्ये होता त्याच ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आले. माल एकीकडून आणि मी दुसरीकडून असं केलं की माल तरी फुटतो नाहीतर मी तरी रस्ता चुकते, हा आजवरचा अनुभव. ड्रायव्हर वाटभर बोलत होता. त्याची बायको, त्याचा मेव्हणा, त्याचा गुडघा, सगळं ऐकून झालं. गावात शिरल्यावर घराचा नेमका पत्ता सांगितला तेव्हा मात्र तो गप्प झाला आणि माल उतरवताना त्याने इंजिनसुद्धा बंद केलं नाही. घाईचा माणूस दिसतो.

खोली छान आहे. घराच्या मागच्या बाजूला, कपडे धुवायच्या खोलीच्या वर. टेबल, खुर्ची, कपाट, आणि खिडकीतून थेट साइट दिसते. म्हणजे दात घासता घासता गवंड्यांवर नजर ठेवता येईल. दादाला फोन करून सांगितलं की तुझी बहीण आता बंगल्यात राहते. तो म्हणाला, राहा, पण जेवत जा. नवरा गेल्याला आता दोन वर्षं होतील, तेव्हापासून दादाची समजूत आहे की मी फक्त चहावर जगते. अगदीच खोटं नाही.

काम मनासारखं आहे. आजवर मी शीतगृहंच बांधत आले. मासे, भाजी, औषधं, जे येईल ते गार ठेवायचं. इथे उलटं आहे. अकरा गाड्या आहेत आणि त्या ऊबदार ठेवायच्या आहेत. पण काम तेच. थंडी आतून बाहेर चाललीय की बाहेरून आत, याच्याशी भिंतीला काही देणंघेणं नसतं. तिला फक्त अडवणं कळतं.

मालक उंच, शिडशिडीत, मोजकं बोलणारे. नकाशात अकराऐवजी बारा गाड्यांची जागा करा म्हणाले, एक अजून यायची आहे. त्यांची थोरली बहीण घर सांभाळते, तिला सगळे ताईच म्हणतात. तिने जेवायला वाढलं, स्वतः बसली नाही, आणि माझी बॅग उघडायच्या आत विचारलं की काम कधी संपेल. मी म्हटलं, महिना तरी जाईल.

"लवकर उरका आणि जा," ती म्हणाली.

पाहुणचाराची ही तऱ्हा नवीनच. जिना चढताना मला हसू आवरेना.

७ नोव्हेंबर

पाया भरून झाला. मिस्त्रीच्या हातात कसब आहे, आणि तोंडातही. दर विटेमागे मला एक विनोद ऐकवतो. रचना त्याला आवडली: बाहेर एक भिंत, आत दुसरी, मधल्या पोकळीत फोम, छताला जाड पॅनेल, शटरच्या चारी कडांना रबराची पट्टी. आत शिरायला दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मिस्त्री म्हणाला, बाई, यात मांजर अडकलं तर त्याचं ओरडणं त्यालासुद्धा ऐकू जायचं नाही.

मालकांशी पहिला खटका उडाला. मी झरोके दाखवले होते. गाडी चालू केली की धूर होतो, तो जायला जागा हवी, हे शाळकरी पोरालाही कळतं. मालकांनी लाल पेन्सिलीने सगळे झरोके खोडले. म्हणाले, गाड्या कधीच चालू करायच्या नाहीत. मी म्हटलं, मग माणसांनी श्वास घ्यायचा की नाही. त्यांनी माझ्याकडे, चुकीचा नट आल्यावर बघावं तसं बघितलं आणि निघून गेले.

संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू आणायला गेले. दुकानदाराने डबा काउंटरवर ठेवला, कुठलं काम चाललंय विचारलं, मी सांगितलं. डबा त्याने माझ्याकडे सरकवला, पण हात वरून काढेना. म्हणाला, थंडी सुरू झाली, अजून छत नाही तुमचं. आवाजात अशी चीड, जणू छत त्याच्याच घराचं राहिलंय. मी डबा ओढून घेतला.

१२ नोव्हेंबर

गाड्या बघितल्या. सध्या त्या अंगणाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, प्रत्येकीवर दोन-दोन रजया टाकलेल्या. मालक बाहेर गेले होते आणि मला मापं हवी होती, म्हणून रजया उचलल्या.

माझी समजूत होती की संग्रह म्हणजे जुन्या, देखण्या, चकचकीत गाड्या असतील. काय सांगू. एक छोटी लाल गाडी, घरोघरी असते तशी. एक टॅक्सी. एक पाव पोचवायची व्हॅन, तिच्यावर बेकरीचं अर्धं नाव शिल्लक. आणि एकही धड नाही. कुणाचं नाक बसलेलं, कुणाचं छत दबलेलं, टॅक्सीचं एक दार तर कागदासारखं चुरगळलेलं. काचा मात्र सगळ्यांच्या नव्या, घट्ट बसवलेल्या.

मेकॅनिक तिथेच होता. त्याला सगळे स्पॅनर म्हणतात, आणि माणूसही तसाच, थंड आणि लोखंडी. त्याला विचारलं की पत्रा सरळ का करत नाहीस. मालकांची मनाई आहे म्हणाला. त्याचं काम इतकंच: टायरमध्ये हवा ठेवायची आणि काचा बाहेरून पुसायच्या. आतून का नाही? त्याने माझ्या हातातली रजई हिसकावून घेतली आणि लाल गाडीवर नीट पांघरली, कडा खोचून, झोपलेल्या माणसाला पांघरावी तशी.

लाल गाडीच्या काचांना आतून वाफ धरली होती. गाडी रिकामी होती.

१७ नोव्हेंबर

दुपारी जेवणं उरकली की इथे माणसं येतात. मला वाटलं होतं बघे असतील. पण ती शेडमध्ये जातात, आपापल्या ठरलेल्या गाडीपाशी थांबतात, दार उघडतात आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसतात. दार लावून घेतात. तासभर नुसती बसून राहतात. मग उतरतात, कुणाशी न बोलता घरी जातात.

लाल गाडीत बसतात ते मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, अंगावर एकावर एक दोन स्वेटर. व्हॅनमध्ये बसते ती शिंपीणबाई, रस्त्याच्या टोकाला तिचं शिवणाचं दुकान आहे. टॅक्सीत तो हार्डवेअरवाला. बाकीचे मला नुसते चेहऱ्याने माहीत.

आज मास्तर उतरले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. मी माझ्या थर्मासमधला चहा त्यांच्यापुढे धरला. बिचाऱ्यांनी हात पुढे केलाही होता. शिंपीणबाईने मध्ये येऊन कप उडवला. "तुमचा चहा नको, छत द्या," ती म्हणाली. शेडची एक बाजू आम्ही कामासाठी उघडली आहे, तिथून वारा येतो, याचा सगळ्यांना राग. जाताना एकेक जण माझ्याकडे असं बघून गेला की मिस्त्रीचाही विनोद घशात अडकला.

२५ नोव्हेंबर

छत बसलं. मालकांनी स्वतः येऊन प्रत्येक सांधा बोटाने तपासला. मी त्यांना सरळच विचारलं, काय प्रकार आहे हा.

त्यांनी सांगितलं, वीज गेलीय असं सांगावं तितक्या साधेपणाने. यातल्या प्रत्येक गाडीत कोणीतरी गेलेलं आहे. अपघातात, जागच्या जागी. अशी गाडी भंगारात गेली की ते विकत घेतात. काचा घट्ट बसवल्या, वारा लागू दिला नाही, तर आत ऊब राहते. माणसाची ऊब. घरची माणसं तिच्याशेजारी येऊन बसतात. त्यांची पहिली गाडी त्यांच्या बायकोची होती. मागच्या हिवाळ्यात ती पत्र्याच्या शेडमध्ये गार झाली.

"गार झाली म्हणजे?"

"म्हणजे आता ती नुसती गाडी आहे," ते म्हणाले. "तुमचं काम इतकंच, की दुसरी कुठली गार होता कामा नये."

मी वाद घातला नाही. दुःखाला डोकं नसतं, हे मला कोणी शिकवायला नको. नवऱ्याचे बूट मी सात-आठ महिने दारातून हलवले नव्हते. पण धंद्यातली एक गोष्ट मी त्यांना सांगितली. हा सगळा फोम, ही पॅनेलं, ऊब तयार करत नाहीत. असलेली धरून ठेवतात, बस. आत ऊब असेल तर ती कुठूनतरी आलेली असणार.

ते म्हणाले, ते आमचं आम्ही बघू.

२ डिसेंबर

काम संपलं. गाड्या ढकलत आत आणल्या. अकरा गाड्या आपापल्या जागी, बारावी जागा रिकामी. दोन्ही दारं लावली आणि कानात कापूस घातल्यासारखं झालं. आत फोन लागत नाही. स्वतःच्या गिळण्याचा आवाज ऐकू येतो. कामगिरी म्हणून बघितलं तर माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम.

मिस्त्री आणि त्याची माणसं दुपारीच गेली. मला आठवडाभर थांबून तापमानाच्या नोंदी करायच्या आहेत. त्यासाठी माझ्याकडे बंदुकीसारखं एक यंत्र असतं, समोर धरलं की पृष्ठभाग किती तापलाय ते दाखवतं. आत हीटर नाही, वीज म्हणजे नुसते दोन दिवे. सकाळी गॅरेज बाहेरच्यापेक्षा जरासंच ऊबदार होतं. दुपारी माणसं येऊन गेली. त्यानंतर लाल गाडीच्या काचेवर यंत्र धरलं तर छत्तीस अंश.

मास्तर दाराशी टेकून दम घेत होते. त्यांच्या गालावर धरलं. एकवीस.

यंत्र बिघडलं असेल म्हणून माझ्या गालावर धरलं. बत्तीस. बरोबर आहे, जिवंत माणसाचा गाल थंडीत इतकाच असतो.

मास्तर माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, आज ती जवळ होती हो. अगदी जवळ. मुलगी त्यांची. परीक्षेला निघाली होती.

ऊब कुठून येते ते आता मला कळलं. ती गाडीतल्या कुणाची नाही. ती यांच्या अंगातून जाते.

४ डिसेंबर

मास्तर गेले. घरीच, खुर्चीत. मी ताईला सांगायला गेले तर ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. मालकांना यंत्रावरचे आकडे दाखवले. म्हटलं, ही माणसं इथे बसून बसून मरणार आहेत आणि ते तुम्हाला माहीत आहे. ते म्हणाले, त्यांनाही माहीत आहे.

६ डिसेंबर

लाल गाडीत आज मास्तरांची बायको बसली. म्हाताऱ्या, ठेंगण्या बाई, पाय जमिनीला पुरत नाहीत. उतरल्या त्या डोळे पुसत, पण चेहरा उजळलेला. मला म्हणाल्या, आहेत हो. घसा खाकरतात अजून, तसाच, दोनदा.

मी म्हटलं, पण आजी, ही गाडी तर तुमच्या मुलीची.

त्या गोंधळल्या. शिंपीणबाई त्यांना दंडाला धरून घेऊन गेली.

मला राहवलं नाही. उद्या दुपारी शटर उघडं टाकणार. सगळा वारा आत जाऊ दे. गार होऊ देत सगळ्या, सुटू देत ही माणसं.

७ डिसेंबर

हात सुजलाय, अक्षर वेडंवाकडं येईल.

ठरवल्याप्रमाणे केलं. माणसं गाड्यांत बसल्यावर शटर वर सारलं, खाली लाकडी ठोकळा लावला, आतलं दारही उघडं ठेवलं. वारा शिरला. एकेका काचेवरची वाफ उतरायला लागली. आधी कोणी हललं नाही. मग सगळी दारं एकदम उघडली.

मी समजावायला तोंड उघडलं. शिंपीणबाईने कानाखाली दिली. हार्डवेअरवाल्याने हात पिरगाळून मला जमिनीवर बसवलं आणि कोणीतरी केस धरले, कोण ते दिसलं नाही. मास्तरांची बायको, ती पिटुकली बाई, तीसुद्धा काठीने मारत होती. त्यांची बोटं जिथे जिथे लागली तिथे अजून बर्फ लावल्यासारखं दुखतंय. स्पॅनरने ठोकळा लाथेने उडवला आणि शटर पाडलं. मग सगळे पुन्हा जाऊन बसले. मला तिथेच सोडून.

मालक दारात उभे राहून बघत होते. मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता निघाले. ते म्हणाले, बारावी गाडी तेवढी बघून जा.

घराच्या मागच्या कोठीत होती, रजयांखाली. स्पॅनर आणि त्यांनी मिळून ढकलत आणली.

निळी. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आत दबलेलं. मागच्या सीटची उसवलेली शिवण मी पिवळ्या दोऱ्याने घातली होती, निळा संपला म्हणून, आणि नवरा मला चिडवायचा की गाडीला हळद लागली. पिवळा दोरा आहे. आमची गाडी आहे. ज्यात तो गेला तीच. मी ती भंगारवाल्याला दिली होती, तो घेऊन जाताना बघायला नको म्हणून दादाकडे जाऊन बसले होते.

मालकांनी आधी गाडी घेतली, मग मला शोधलं. मी काय बांधते ते कळल्यावर त्यांना एका दगडात दोन पक्षी मिळाले. हे त्यांनी स्वतः सांगितलं, लपवलं नाही. म्हणाले, गाडीला माणूस लागतं. तुमच्यावर जबरदस्ती नाही. दार उघडंच आहे.

मी त्यांच्या तोंडावर थुंकले. दादाला फोन केला. तो पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो, त्याआधी त्याला सुटी नाही. तोवर खोलीला आतून कडी. मी बसणार नाही. हे इथे लिहून ठेवते. मी त्या गाडीत बसणार नाही.

८ डिसेंबर

फक्त काच पुसायला गेले होते. रजई सरकली होती.

दार उघडलं तर आतून त्याच्या शर्टाचा वास आला. दोन मिनिटं बसले. ड्रायव्हरची सीट रिकामी, पण तिच्यावर हात ठेवला तर गरम. कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

दोन मिनिटंच. बाहेर आले तर ऊन उतरलं होतं.

९ डिसेंबर

आज सकाळीच गेले. डोळे मिटून बसले. हातावर हात आला. वजन होतं त्याला. अंगठा माझ्या बोटांवरून फिरत होता. मी बोलत राहिले. बूट दिले, कपाट विकलं, छतावर नवीन टाकी बसवली, सगळं सांगितलं. दोन वर्षांत इतकं कोणाशी बोलले नव्हते.

शिंपीणबाई बाहेर भेटली. आज तिने वाट दिली.

१० डिसेंबर

थंडी वाजते. दोन स्वेटर, वरून कोट, तरी. गालावर यंत्र धरलं. चोवीस.

हे बरोबर नाही ते मला कळतं. मला सगळं कळतं. उद्या नाही जाणार.

११ डिसेंबर

गेले.

आज डोळे मिटायच्या आधी त्याचा हात मी माझ्या दोन्ही हातांत धरला. दिसत नाही पण धरता येतो. बोटं चाचपली. एकेक.

पाच. पाचही पुरी.

त्याच्या करंगळीला टोक नव्हतं. कॉलेजात असताना पंख्यात गेलं होतं. वीस वर्षं मी तो हात धरला, मला माहीत नसेल तर कुणाला.

नखं जाड होती. आणि शर्टाचा वास नव्हता तो. ग्रीसचा होता.

हा तो नाही.

११ डिसेंबर, नंतर

स्पॅनरला गाठलं. हात कसा होता ते सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, माझा भाऊ आहे. थोरला. तुमच्या आधी ही गाडी ऊबदार ठेवायला मालकांनी त्यालाच बसवलं होतं. मागच्या हिवाळ्यात गेला. तो स्वतः का नाही बसत भावाशेजारी, असं विचारलं. म्हणाला, मला अजून जगायचंय.

म्हणजे जे मेले ते गाड्यांत नव्हतेच कधी. जे बसून बसून गार झाले ते आहेत. लाल गाडीत मुलगी नाही. मास्तर आहेत.

धावत शिंपीणबाईच्या दुकानात गेले. तिला सांगितलं, पाव पोचवणारा तुझा मुलगा त्या व्हॅनमध्ये नाही गं, दुसरंच कोणी आहे, त्याला फक्त तुझी ऊब हवी आहे. मला वाटलं ती मारेल. तिने मशीन थांबवलं.

"माहितेय," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं. आई आहे मी." मग दोरा तोडला. "कोणी का असेना. कोणीतरी आहे ना?"

आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

१२ डिसेंबर

खोलीतच. कडी लावून. ताई गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, दारातून आत सरकवली. म्हणाली की ‘लवकर उरका आणि जा’ याहून जास्त सांगायची तिची हिंमत झाली नाही. पिशवी पोटाशी धरली. लगेच गार झाली. पाणी गरमच होतं, मी बघितलं होतं वाफ येताना —

दादा परवा येणार. एक दिवस मध्ये. एकच दिवस.

बॅग भरली.

१३ डिसेंबर

कशानेच ऊब येत नाही. चुलीपाशी बसले, नाही. उन्हात, नाही. ताईचा हात धरला, ती ओरडून मागे सरली.

तिथे निदान कोणीतरी —

जाणार नाही

तारीख माहीत नाही

गेले होते. थोडाच वेळ बसायचं होतं. वही बरोबर आणली, लिहीत राहिले म्हणजे झोप लागणार नाही म्हणून. तरी लागली वाटतं.

आता बरं वाटतंय. थंडी वाजत नाही. काहीच वाजत नाही. शेजारी कोणी नाही आज, तो गेलाय कुठेतरी. वही स्टिअरिंगवर टेकवून लिहितेय.

स्टिअरिंगवर. मी शेजारच्या सीटवर बसले होते. इकडे कधी आले —

दार उघडत नाही. काच खाली होत नाही.

माणसं आली. आपापल्या गाड्यांत बसली. मास्तरांची बायको माझ्या काचेवरून हात फिरवून गेली. मी हाक मारली. मी काचेवर —

पुन्हा आली. पुन्हा गेली. किती वेळा ते

दादा

दादा आलाय. मालकांबरोबर. दाढी वाढलीय त्याची, का वाढलीय इतकी, रविवारीच तर यायचा होता. मालक त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू बोलताहेत. गाडीला माणूस लागतं म्हणत असतील. दादा, ऐकू नकोस त्यांचं. ऐकू

दार उघडलं. शेजारी बसला. दार लावून घेतलं.

समोरच बघतोय. माझ्याकडे बघत नाही. म्हणाला, "छोटे, आहेस का गं?"

रडतोय. हात मांडीवर ठेवलाय, माझ्या बाजूचा. त्या हाताची ऊब इथवर येतेय. किती ऊब असते माणसात

उतर म्हणून सांगायला हवं. सांगते. सांगणारच आहे, आत्ता सांगते, दादा उतर, जा घरी, फक्त आधी जरा हात —